उदाहरण नेमके कोणत्या ओळीत अडते?

माझ्याकडे एक वही आहे, जिच्यात सोडवलेली उदाहरणे नाहीत. उदाहरण सोडवताना जिथे अडायला झाले, तेवढीच ओळ तारखेसह लिहिलेली आहे. पदवीच्या वर्षांत स्वतःसाठी सुरू केलेल्या या वहीत पुढे धाकट्या भावंडांच्या आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींच्या शंकाही येत गेल्या, आणि प्रत्येकाचा विषय निराळा असल्यामुळे कलन (कॅल्क्युलस), लेखाकर्म, रसायनशास्त्र आणि इतिहास एकाच पानावर शेजारी नांदू लागले. मध्यंतरी ती सलग वाचून काढली, तेव्हा निव्वळ आकडेमोड चुकल्याच्या नोंदी मला अपेक्षेपेक्षा फार कमी सापडल्या. बहुतेक ठिकाणी सूत्र अगदी बरोबर आठवलेले होते. ते सूत्र ज्या अटीवर चालते, ती अट मात्र विसरलेली होती.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण घर्षणाचे आहे. खडबडीत जमिनीवर ५ किलोग्रॅमची पेटी आहे, स्थितिक घर्षणांक ०.४ आहे आणि पेटीला १२ न्यूटन बलाने आडवे ढकलले आहे; तर घर्षणबल किती? विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ५ ला ९.८ ने गुणतो, आलेल्या ४९ ला ०.४ ने गुणतो आणि १९.६ न्यूटन हे उत्तर लिहून खाली दोन रेघा मारतो. गुणाकारात काहीही चुकलेले नाही. अशा वेळी मी एवढेच विचारते, की मग पेटी कोणत्या दिशेला जाईल? पुढे ढकलणारे बल १२ न्यूटन आणि मागे ओढणारे १९.६ न्यूटन असेल, तर उरलेले ७.६ न्यूटन बल पेटीला ढकलणाऱ्याच्याच अंगावर आणील, तेही सेकंदागणिक सुमारे दीड मीटर प्रति सेकंदाने वेग वाढवत. हे ऐकून समोरचा आधी हसतो आणि मग गप्प होतो. त्या शांततेत त्याला उमगते, की १९.६ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे आणि पेटी जागची हलत नाही तोवर घर्षण ढकलणाऱ्या बलाइतकेच, म्हणजे १२ न्यूटन, असते. सूत्राला ‘घसरण्याच्या अगदी बेतात असताना’ ही अट होती. ती पुस्तकात छापलेली असते, पण चौकटीबाहेर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री डोळे चौकटीपलीकडे जात नाहीत.

कलनातही हाच प्रकार घडतो. ‘एक भागिले क्ष वर्ग’ या फलाचे (फंक्शनचे) उणे १ ते अधिक १ या मर्यादांमध्ये संकलन करा, म्हणजे त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढा, असे सांगितले तर सरळ नियमाने उत्तर उणे २ येते. ज्या फलाची किंमत कुठेही ऋण नाही, त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी स्वतःला विचारत नाही. मध्ये शून्यापाशी फल अनंताकडे जाते, आपण वापरलेला नियम मर्यादांच्या दरम्यान सलग असलेल्या फलांसाठी आहे, आणि या संकलनाला सान्त किंमतच नाही. मी स्वतः हे उदाहरण उणे २ असेच सोडवले होते आणि उत्तर सुबक आल्याचा मला आनंदही झाला होता.

रसायनशास्त्रात अडण्याची जागा बहुधा एककांत असते. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून किती पाणी तयार होईल, असे विचारले की ४ हा आकडा लहान दिसतो आणि हायड्रोजन आधी संपणार असे मन ठरवून टाकते. वास्तविक अभिक्रिया वजनाने नव्हे, तर मोलच्या, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या, प्रमाणात चालते. इथे हायड्रोजन २ मोल आहे, ऑक्सिजन अवघा अर्धा मोल आहे, आणि अर्ध्या मोल ऑक्सिजनला १ मोल हायड्रोजन पुरतो. म्हणून ऑक्सिजन संपतो, १८ ग्रॅम पाणी होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच राहतो. १८ आणि २ मिळून सुरुवातीचे २० ग्रॅम भरतात, हे तपासायला काही सेकंद लागतात, तरी ते तपासणारे विद्यार्थी मी मोजकेच पाहिले आहेत.

लेखाकर्म माझा विषय नव्हता. मावसबहिणीची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींचा ताळा, जुळेना, तेव्हा तिच्याबरोबर बसून मी तो शिकले, आणि खरे सांगायचे तर वहीतली मला सर्वांत आवडणारी पाने तिचीच आहेत. नावे आणि जमा या बाजूंच्या बेरजांत ९० चा फरक येत होता. ती पहिल्या नोंदीपासून सगळे पुन्हा तपासायला निघाली होती. मी ९० ला ९ ने भाग जातो याकडे बोट दाखवले आणि आधी आकड्यांची उलटापालट शोधायला सांगितले. ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० चाच पडतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने नेहमीच भाग जातो, कारण दहा अ अधिक ब यातून दहा ब अधिक अ वजा केले की अ आणि ब यांच्या फरकाची नऊपट उरते. एखादे शून्य गळले तरी असेच होते; ५०० चे ५० झाले तर फरक ४५० चा. फरकाला ९ ने भाग जात नसेल, तर त्याची निमपट करून त्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहावे, कारण नावे बाजूची ३५० ची रक्कम जमेला खतावली तर ७०० चा फरक पडतो. बहिणीला चूक दहा मिनिटांत सापडली. तेरीज एकदा जुळली, की हिशेब बिनचूक असल्याची तिची जी खात्री पटली, ती मात्र मला मोडावी लागली. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्याच्या नावे टाकला, तर ती तत्त्वाची चूक असूनही तेरीज जुळते. एखादा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचाच राहिला, तरीही जुळते. दोन्ही बाजू सारख्या आहेत, एवढीच तेरजेची साक्ष असते.

अट विसरण्यामागे केवळ निष्काळजीपणा नसावा, असे मला आता वाटते. आपण सोडवलेली उदाहरणे वाचतो, आणि वाचताना प्रत्येक ओळ मागच्या ओळीतून सहज निघालेली दिसते. कोणते सूत्र घ्यायचे हा निर्णय लेखकाने आधीच घेतलेला असल्यामुळे तो आपल्याला कधी घ्यावाच लागत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर इतरांनी तो एकदा वाचून नंतर आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला आणि इतरांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले आणि लिहून पाहिलेल्यांचे ५६ टक्के राहिले. हा प्रयोग गद्य उताऱ्यांवरचा आहे, गणितावरचा नाही. तरी परीक्षेच्या सकाळी सगळे येते असे वाटणे आणि पुढच्या आठवड्यात काहीच न आठवणे, हे दोन्ही मी अनुभवलेले असल्यामुळे मला ते आकडे ओळखीचे वाटले. तेव्हापासून मी सोडवलेले उदाहरण पहिल्या ओळीनंतर झाकते आणि दुसरी ओळ स्वतः लिहून पाहते.

सूत्र नसलेल्या विषयांत अट शब्दांत दडलेली असते. मागणी वाढली की किंमत वाढते, किंमत वाढली की मागणी घटते, मागणी घटली की किंमत उतरते, मग शेवटी बदलले काय, असा पेच अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने घातला होता. त्यात ‘मागणी’ हा शब्द दोन अर्थांनी आला आहे. पहिल्या वेळी संपूर्ण मागणी वक्र सरकला आहे, ती मागणीतील वृद्धी. दुसऱ्या वेळी आपण त्याच वक्रावर वर सरकलो आहोत, तो मागणीचा संकोच. हे दोन शब्द वेगळे ठेवले की पेच उरत नाही.

इतिहासाच्या उत्तरांत प्रश्नातला एखादा शब्दच वाचायचा राहून जातो. ‘साराजेव्हो येथील हत्येचे रूपांतर महायुद्धात का झाले?’ या प्रश्नाला गटबाजी, साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा आणि राष्ट्रवाद अशी चार कारणे लिहिलेले उत्तर मला एकीने दाखवले आणि गुण कमी का पडले, असे विचारले. तिची कारणे खरी होती, पण ती हत्येच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होती. प्रश्नातला शब्द ‘रूपांतर’ असा होता. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची ती हत्या २८ जून १९१४ रोजी झाली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले ते २८ जुलैला. उत्तर मधल्या महिन्यात आहे: जुलैच्या सुरुवातीला जर्मनीने ऑस्ट्रियाला दिलेला पाठिंबा, ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला दिलेला निर्वाणीचा खलिता आणि युद्ध पुकारल्यानंतर दोनच दिवसांनी रशियाने दिलेला सर्वसाधारण सैन्यजमवाजमवीचा आदेश. तिने तेच उत्तर या क्रमाने पुन्हा लिहिले, तेव्हा चारही कारणे आपापल्या जागी आपोआप येऊन बसली.

वहीतली एक नोंद मात्र मी अजून खोडलेली नाही. एका खेळात तीन दारांपैकी एकामागे मोटार आहे आणि बाकी दोहोंमागे बकऱ्या. आपण एक दार निवडतो, सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी बकरी असलेले एक दार उघडतो आणि निवड बदलायची का, असे विचारतो. बदलावी, कारण मग जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. १९९० मध्ये मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात हे उत्तर दिले, तेव्हा ते चुकीचे असल्याचे सांगणारी पत्रे गणितात डॉक्टरेट केलेल्यांनीही पाठवली होती. उत्तर मला मान्य आहे, तरी दर वेळी तिन्ही शक्यता कागदावर मांडल्याशिवाय माझे मन ते स्वीकारत नाही. शिवाय सूत्रसंचालकाला मोटार कुठे आहे हे माहीतच नसेल आणि त्याने सहज उघडलेल्या दारामागे योगायोगाने बकरी निघाली असेल, तर शक्यता निम्मी-निम्मी होते. डोळ्यांसमोर जे घडले ते तसेच, पण उत्तर वेगळे. मला हे उदाहरण पहिल्यांदा ऐकवणाऱ्या मैत्रिणीने सूत्रसंचालकाला काय माहीत होते हे सांगितलेच नव्हते, आणि विचारायचे मलाही सुचले नव्हते.