आमच्या अँबॅसिडरचे हेडलाईट: दोष बल्बचा नव्हताच

फेब्रुवारीतली गोष्ट. सप्तशृंगी गडावरून उतरायला उशीर झाला, नांदुरी घाट संपेपर्यंत पूर्ण अंधार पडला. वणी सोडून दिंडोरीच्या रस्त्याला लागलो. गाडी वडिलांची, 1977 ची अँबॅसिडर मार्क 3. मागे आई आणि बायको, पुढे मी आणि मुलगा. वेग पन्नासच्या आत. समोरून एक आयशर ट्रक अप्पर, म्हणजे दूरचा झोत, मारत आला आणि गेला. डोळे पुन्हा सरावतात न सरावतात तोच मुलगा ओरडला, "बाबा, ट्रॉली!" कांद्याची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर ताडपत्री. ब्रेक दाबला तेव्हा माझ्या आणि त्या फाळक्याच्या मध्ये जेमतेम हातभर अंतर उरलं.

आई काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुझे बाबा या गाडीने रात्री कधी गडावर जात नसत." बाबा का जात नसत ते मला त्या रात्री कळलं. या गाडीचे दिवे म्हणजे दोन पिवळ्या समया होत्या. जुनी गाडी आहे, उजेड असाच पडायचा, असं आम्ही सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाशिकमध्ये द्वारकेला स्पेअर्सच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एलईडी बल्ब पुढे केले. माझ्या गाडीत मूळचे सील्डबीम होते, म्हणजे काच, आरसा आणि तार सगळं एकसंध. त्यात नुसता बल्ब बदलता येत नाही. म्हणून एच-4 बल्ब बसणारी सात इंची गोल युनिट आणि त्यात एलईडी, असा जोड मी घेऊन आलो. अँबॅसिडर, जुनी जीप आणि बुलेट यांचं युनिट एकाच सात इंची मापाचं असल्यामुळे ते सहज मिळतं.

लावलं आणि पांढराशुभ्र उजेड पडला. मी खूश झालो. पण गंगापूर रोडला पहिल्याच फेरीत समोरचा प्रत्येक जण मला अप्पर मारू लागला. घरी येऊन गाडी भिंतीसमोर उभी केली तेव्हा कारण दिसलं. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोतात, भिंतीवर सरळ कापलेली रेघ दिसायला हवी, तिच्या जागी उजेडाचा नुसता ढग होता. एच-4 बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे आरशाचा वरचा भागच वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर खाली पडतो. तार आणि वाटी यांची जागा मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेली असते. त्या एलईडीत तारेच्या जागी जाड पट्टी होती, दोन्ही अंगांना चिप लावलेली. हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात तिचा फोकस कसा जुळणार? मला जरा जास्त दिसावं म्हणून समोरच्या स्कूटरवाल्याला आंधळं करायचं, हे मला पटणारं नव्हतं. एलईडी परत केले, युनिट ठेवली.

ती युनिट घेतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुकानदाराने आधी दाखवलेली जोडी मी नाकारली होती. तिच्या काचेवरचं नक्षीकाम उजवीकडे चढत जाणारं होतं, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचं. आपण डाव्या बाजूने चालतो. आपल्याकडे डिपरचा उजेड डाव्या कडेला वर चढायला हवा, तिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मैलाचे दगड असतात. उलटं युनिट लावलं तर तोच चढता उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. जुन्या गाडीसाठी बाहेरून युनिट मागवणाऱ्यांनी काच आधी नीट पाहावी.

साधे 60/55 वॅटचे (अप्परला 60, डिपरला 55) हॅलोजन बल्ब लावले आणि पुन्हा निराश झालो. सील्डबीमपेक्षा बरं, पण पिवळेपणा तसाच. आता काहीजण 100/90 चे बल्ब लाव म्हणू लागले.

तेव्हा सातपूरच्या एका गॅरेजातल्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, अँबॅसिडरचं वायरिंग त्यांना पाठ. त्यांनी बल्बकडे पाहिलंही नाही. मीटर काढला, मला गाडी चालू करायला लावली, ॲक्सिलेटर थोडा दाबून धरायला सांगितला आणि डिपर लावला. बॅटरीवर 13.2 व्होल्ट. मग होल्डरच्या मागून त्याच्या पिनांना काट्या लावल्या. 10.6.

"भाऊ, बल्ब काय करंल? त्याच्यापर्यंत करंटच येत नाही. अडीच व्होल्ट वाटेत खाल्ले."

दिव्याच्या तारेचं गणित असं की व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड खूप उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. माझ्याकडे पाचवा हिस्सा वाटेतच जात होता, म्हणजे उजेड निम्म्याहूनही कमी. बाबांनी इतकी वर्षं अर्ध्या दिव्यांवर गाडी चालवली, आणि त्यावर उपाय गाडीच्याच बॅटरीत पडून होता.

हे व्होल्ट कुठे गेले तेही चाचांनी दाखवलं. मीटरची एक काटी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या डिपर पिनवर ठेवली, 1.9. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ पिन, 0.7. दिवे चालू असताना हे मोजायचं, बंद असताना मीटर काहीच सांगत नाही. प्लसच्या वाटेत बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत, तिथून पायाखालच्या डिपर बटणापर्यंत, मग पुढे दिव्यापर्यंत अशी लांबच लांब बारीक वायर, आणि मध्ये प्रत्येक जोडावर काळपट हिरवा गंज. डिपरचं बटण उघडलं तर एका पत्तीवर जळाल्याचा डाग होता. अर्थची वायर ग्रिलच्या आतल्या ज्या स्क्रूला होती त्याच्यावर कुणीतरी कधीतरी रंग मारला होता.

100/90 का नको तेही तिथेच सुटलं. ते दोन बल्ब अप्परवर सतरा अँपिअरच्या आसपास ओढतात, आणि माझ्या गाडीचा डायनामो भर वेगातही 22 देतो. इग्निशन, मागचे दिवे, पावसात वायपर, सगळं त्याच्यातच. शिवाय 60/55 च्या वर गेलं की ते नियमातही बसत नाही आणि होल्डर वितळतो तो वेगळाच.

उपाय रिलेचा. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन रिले घेतले, एक अप्परला, एक डिपरला. 30 नंबरच्या पिनेला बॅटरीतून थेट वायर, 87 वरून दिव्यांना, 85 आणि 86 मध्ये रिलेचं कॉइल. जुन्या स्विचमधून आणि डिपर बटणातून येणारा करंट आता फक्त कॉइल ओढण्यापुरता, पाव अँपिअरही नाही. दिव्यांचा खरा भार 2.5 स्क्वेअर एमएमच्या नव्या वायरीवरून जातो. चाचा दोन्ही रिलेंना मिळून एकच फ्यूज देणार होते. मी दोन वेगळे, 15-15 अँपिअरचे, बॅटरीपासून वीतभर अंतरात लावून घेतले. डिपरचा उडाला तर अप्पर तरी राहावा. होल्डर सिरॅमिकचे घेतले. रिले मडगार्डच्या आतल्या बाजूला, पिना खाली करून बसवले, म्हणजे पाणी साचत नाही.

वायरी ओळखायला लुकास या इंग्रजी कंपनीचा जुना रंगसंकेत कामी आला. निळ्यावर पांढरा पट्टा अप्परची, निळ्यावर लाल डिपरची, काळी अर्थची. रंग विटले होते, पण चाचांनी टेप सोलून पंधरा सेंटीमीटर आत पाहिलं तर लाल पट्टा अगदी नवा असल्यासारखा होता. अर्थचा स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवं थिंबल लावलं, वरून व्हॅसलीन. प्रत्येक दिव्याला थेट बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थची वायरही टाकली. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या गाड्यांत कधी कधी प्लसच बॉडीला जोडलेला असतो, म्हणून कामाआधी ते पाहून घ्यावं. आमच्या गाडीत मायनसच होता.

बल्ब बसवताना चाचांनी माझा हात धरला. "काचेला बोट नाही लावायचं." बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. धोतराच्या जुन्या तुकड्याने धरून त्यांनी तो बसवला.

इंजिन चालू केलं, मीटर लावला. होल्डरवर 12.9. दिवसाढवळ्या गॅरेजच्या शटरवर उजेडाची रेघ दिसली.

फोकस मात्र घरी, संध्याकाळी लावला. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी केली, टायरची हवा आधी भरून घेतली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि डिपरची रेघ तिच्याखाली 10 सेंटीमीटरवर आणली. आई आणि बायकोला मुद्दाम मागे बसवलं होतं. अँबॅसिडरचे मागचे पाटे आता दबलेले आहेत, मागे माणसं बसली की नाक वर उचललं जातं आणि दिवे आभाळाकडे पाहतात. रिकाम्या गाडीत लावलेला फोकस आमच्या काही कामाचा नाही. आई पाऊण तास मागे बसून होती, "अजून थोडं खाली घे, त्या पांढऱ्या भिंतीवर झाडाची सावली बघ" असं सांगत.

सगळा खर्च चार हजारांच्या आत आला, मजुरी धरून. पेठ रोडला आरटीओत पुनर्नोंदणीसाठी गाडी नेली तेव्हा अप्पर-डिपर करून दाखवलं, ते झालं.

एक उणीव राहिली आहे. द्वारकेच्या सिग्नलला गाडी उभी असली की डायनामो पुरत नाही, दिवे किंचित पिवळे होतात, ॲक्सिलेटर दिला की पुन्हा उजळतात. अल्टरनेटर बसवावा असं चाचा म्हणतात. मी अजून ठरवलेलं नाही.

नवरात्रात आईला घेऊन पुन्हा गडावर गेलो आणि मुद्दाम अंधार पडल्यावर निघालो. वणीच्या पुढे ट्रॉली दिसली, पुन्हा बिनदिव्याची. या वेळी तिच्या मागच्या फाळक्यावरचं रंगवलेलं नाव मला वाचता आलं, आणि मी अजून बराच मागे होतो. डाव्या पायाने डिपर दाबला, हॉर्न दिला, शांतपणे बाजूने काढली. मागून आई म्हणाली, "ट्रॅक्टरवर पोरगं बसलंय बघ, स्वेटर नाही अंगात."