पाटणादेवीची डिसेंबरातली वाट: शेंगा, चीक आणि आडोसा

चाळीसगावपासून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. देवळापासून पुढे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. डिसेंबरात ओढ्याचं पाणी उतरलेलं असतं, ऊन सोसवतं, चालायला याहून चांगला महिना नाही. फक्त याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि गुंजेच्या शेंगा उकलतात. वाटेवर बिबट्याची चौकशी सगळेच करतात, बांधावरच्या वेलीची कुणी करत नाही.

गाडी लावली की माणसं आधी आडोसा शोधतात, आणि घोटाळा तिथेच होतो. मळलेल्या पायवाटेवर गुरांनी, माणसांनी झुडपं मोडलेली असतात. वाट सोडून दहा पावलं आत गेलं की झुडपावर पांघरुणासारखी खाजकुयलीची वेल चढलेली दिसते: तीन-तीन पानं, आणि खाली बोटाएवढ्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या तपकिरी शेंगांचे झुपके. लांबून मखमल वाटते. ती मखमल म्हणजे सुटे होणारे केस, वाऱ्यानेही उडतात. शेंगेला हात लागायलाच हवा असं नाही. वाऱ्याच्या दिवशी वेलीखाली नुसतं बसलं तरी पुरे. म्हणून पूर्ण बाह्यांचा, बटणांचा शर्ट घालावा. टी-शर्ट नको, कारण केस लागल्यावर तो डोक्यावरून काढावा लागतो आणि सगळं तोंडाला, डोळ्यांना पुसलं जातं.

केस लागलेच तर खाजवू नका, रुमालाने घाम पुसू नका. खाजवलं की केस मोडून आत रुततात आणि नखांतून मानेपर्यंत पोचतात. शर्टाची बटणं सोडून तो मागे टाका. खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी कातडीवर दाबायची आणि उचलायची. दर वेळी नवा तुकडा. दोन-तीन हात झाले की वाहत्या पाण्याने, साबणाने धुवायचं आणि टॉवेलने न चोळता टिपून घ्यायचं. कपडे वेगळ्या पिशवीत बांधून न्या, नाहीतर घरी बादलीतल्या सगळ्या कपड्यांना खाज लागते. चिखल लावून तो वाळला की सोलून काढायचा, हा गावाकडचा उपाय केस उपटायला चालतो. शेण मात्र नको, खाजवून फुटलेल्या कातडीवर ते जखम चिघळवतं. ॲलर्जीच्या गोळीवर फार भिस्त ठेवू नये. ही खाज केसांतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) उठते, नेहमीच्या ॲलर्जीसारखी नसते. डोळ्यात केस गेला किंवा श्वास लागला तर ट्रेक तिथेच थांबवा.

रुईचा प्रकार याच्या उलट, तिथे त्रास उशिरा कळतो. शनिवारी मारुतीला माळ करायची म्हणून पानं तोडतात, देठातून पांढरा चीक हातावर येतो, तोच हात डोळ्याला लागतो. पुष्कळदा डोळा दुखत नाही, नुसतं धुरकट दिसायला लागतं. दुखत नाही म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो, आणि बुबुळाला मात्र सूज आलेली असते. डोळा पंधरा-वीस मिनिटं सतत स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो. एक लिटरची बाटली तीन-चार मिनिटांत संपते, तेव्हा गटातल्या सगळ्यांच्या बाटल्या गोळा करा आणि ओततच नळापर्यंत या. मग त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

पोरांसाठी खरी भीती कुंपणाच्या झाडांची. चंद्रज्योतीच्या (मोगली एरंडाच्या) बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्यामुळे एकाने फोडली की चौघं खातात. तासा-दोन तासांत उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी. धोतऱ्याच्या बियांनी तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, मूल असंबद्ध बोलतं. महाशिवरात्रीला महादेवासाठी धोतऱ्याची फुलं-फळं तोडणाऱ्यांनीही हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये. गुंज अखंड गिळली तर कठीण सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी सुईने भोसकलेली मात्र जीवघेणी ठरू शकते. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा, हा हिशोब पोरांना जरूर सांगावा, पण बिया खिशात भरू देऊ नयेत. गुंजेची लक्षणं कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात, म्हणून ‘खेळतंय की मजेत’ म्हणून थांबू नका.

यांतलं काहीही पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. तोंडातलं थुंकायला लावा, चूळ भरवा. किती खाल्लं, किती वाजता, ते लिहा. झाडाचा फोटो आणि उरलेली बी पिशवीत घालून दवाखान्यात द्या. 108 ला फोन करा, पण डोंगराच्या कुशीत रेंजचा भरवसा नाही. गाडी हाताशी असेल तर वाट पाहत न बसता चाळीसगाव गाठणं बरं.

सातपुड्यात, यावल-पालच्या बाजूला जाणाऱ्यांनी बिब्बा ओळखून ठेवावा: केशरी बोंडाच्या टोकाला काळं फळ. त्याचं तेल लागलं तर फोड बहुधा दुसऱ्या दिवशी येतात, म्हणून संशय आला की लगेच साबणाने धुवा.

परतीला शेतावर भरीत असेलच. अभयारण्यात जाळ करायचा नाही, तो शेतातच. वांगी भाजायला तुराट्या किंवा कपाशीच्या काड्या सोबत न्या. बांधावरच्या काटक्या गोळा करताना कण्हेर, रुई, चंद्रज्योत सहज मिसळते. बिब्ब्याच्या लाकडाचा तर धूरही अंगावर उठतो. ताटं कमी पडली तर केळीचं पान घ्या. रुईचं पान रुंद दिसतं, पण देठ मोडला की चीक थेट पुरीवर.