कॅन्टरबरीच्या वाटेवर, खडूच्या खांबांपाशी

या वाटेला दिंडी नाही, रिंगण नाही, की विसाव्याला चहा घेऊन उभं असलेलं गाव नाही. दक्षिण इंग्लंडमधल्या फार्नहॅम स्टेशनच्या बाहेर 'नॉर्थ डाउन्स वे' या टेकड्यांवरून जाणाऱ्या पायवाटेची पाटी दिसते, तिथून आपलं आपण चालू लागायचं. ताई यंदा ऐन आषाढात माझ्याकडे इंग्लंडला आली होती. ती सासवडची. दिवे घाट चढून आलेल्या वारकऱ्यांचे पाय तिच्या अंगणात कितीदा धुतले गेलेत, आणि तिनं स्वतःही बऱ्याच वाऱ्या केल्यात. चार दिवस घरात बसल्यावर म्हणाली, "अगं, इकडे लोक देवाला चालत जातच नाहीत का?"

जायचे की! २९ डिसेंबर ११७० रोजी कॅन्टरबरीच्या कॅथीड्रलमध्येच आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून झाला. राजा दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी तो केला. ११७३ मध्ये बेकेटला संतपद मिळालं आणि त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षं लोक त्याच्या समाधीला जात राहिले. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं ती समाधीच उखडून टाकली. आपण चालतो त्या वाटेला 'पिल्ग्रिम्स वे' हे नाव मिळालं ते मुख्यतः १९ व्या शतकात, नकाशांमुळे. सगळे यात्रेकरू नेमके इथूनच जात, असं काही नाही. मी हे सांगितल्यावर ताईचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही. "वाट जुनी आहे ना? झालं तर."

सील, पटनम ही गावं भराभर मागे पडली. मग कॉम्प्टनजवळ ए-३ महामार्गाचा घोंगाट सुरू झाला. वाट रस्त्याखालून जाते आणि तिथल्या जुन्या पुलावर लाकडी क्रॉस उभे आहेत. खालून यात्रेकरूंची वाट जाते म्हणून ते उभारलेले. नवी दिल्ली उभारणाऱ्या ल्यूटन्सनं हा पूल रचला, हे ऐकून ताई थांबून वर बघत राहिली. वरून ट्रक चाललेलेच.

इथून थोडी वाट वाकडी करून आम्ही कॉम्प्टनच्या सेंट निकोलस चर्चला गेलो. चालण्याचा खरा मोबदला तिथे मिळाला. बाहेरून बघाल तर फार काही नाही. मनोरा बुटका, दगड ओबडधोबड, त्याला आधाराचे पुस्तेही नाहीत. तो इंग्लंडवर नॉर्मन आले त्याच्या आधीचा, सॅक्सन काळचा. त्यावरचं लाकडी फळकुटांनी मढवलेलं निमुळतं शिखर नंतरचं. म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं ती १०६६ ची लढाई झाली तेव्हा ही भिंत उभी होती.

दार ढकलून आत गेलं की डोळे आधी खांबांवर जातात. जाड, पांढरे, गोल खांब, वर अर्धवर्तुळाकार नॉर्मन कमानी, आणि खांबांचे माथे कोरलेले. ताईनं तळवा टेकवला आणि म्हणाली, "हा दगड नाही गं." दगडच तो, पण खडूचा. या डोंगररांगेच्या पोटात खडूच आहे, तोच काढून घडवलेला. बाहेर लावला तर पाऊस आणि थंडी त्याला खाऊन टाकतील. आत छपराखाली आठशेहून अधिक वर्षं टिकला. बाहेर या भागातला मधाच्या रंगाचा बार्गेट दगड, आत खडू. गवंड्यांना कुठला दगड कुठे शोभतो यापेक्षा कुठे तगतो हे ठाऊक होतं.

पुढे वेदीची जागा आहे, आपण ज्याला गाभारा म्हणू ती. इथे ती दुमजली आहे! खाली बुटक्या कमानी छताची खोली, तिच्यावर आणखी एक मजला, आणि त्या मजल्याच्या काठाला लाकडी कठडा. कठड्यात बारक्या गोल कमानींची रांग कोरली आहे. तो साधारण ११८० चा. इंग्लंडच्या चर्चमधल्या सर्वांत जुन्या लाकूडकामात त्याची गणना होते. असा दुमजली गाभारा का बांधला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मला त्याची फारशी गरजही वाटली नाही. नवल त्या लाकडाचं. १६ व्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत गावोगावच्या चर्चमधल्या मूर्ती, चित्रं, वेद्या गेल्या. कॅन्टरबरीची सोन्यारत्नांची समाधी गेली. इथली ही फळी राहिली. तिच्यात सोनं नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा कमी पडला असावा.

कमानीच्या खडूवर कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन नॉर्मन शिपाई ओरखडलाय. रेघा बारीक आहेत, पण माणूस ओळखू येतो. आज असा ओरखडा काढला तर पोलीस येतील. ही इमारत ग्रेड वन, म्हणजे संरक्षणाच्या सर्वांत वरच्या श्रेणीत. देशातल्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या श्रेणीत आहेत. इथे काही बदलायचं तर धर्मप्रांताची रीतसर मंजुरी लागते.

वेदीच्या उजव्या अंगाला एक कोठडी आहे. एकांतवासी साधक तिथे राहायचे, मरेपर्यंत. भिंतीतल्या फटीतून वेदी दिसे. या देशात अशा माणसाला कोठडीत नेताना बऱ्याचदा मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत. ताई बराच वेळ वाकून आत बघत होती.

"म्हणजे जिवंतपणी समाधीच की. पण आपले माउली तर बंद झाल्यावर कुणाला दिसले नाहीत. यांचं कसं?"

"यांना जेवण देत. लोक सल्ला विचारायलाही येत."

"मग सुटका कुठली झाली," ती म्हणाली. "संसारच चालू राहिला."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

गिल्डफर्ड ओलांडून सेंट मार्था टेकडी चढलो. टेकडी १७५ मीटरची, पण दिवसभराच्या चालीनंतर ती कळसूबाईसारखी वाटते. माथ्यावरचं चर्च पडकं झालं होतं, ते १८४८ ते १८५० मध्ये जवळपास नव्यानं बांधलं, नॉर्मन थाटात. कमानी बरोबर आहेत, सगळं बरोबर आहे, आणि म्हणूनच मला ते कॉम्प्टनपुढे फिकं वाटलं. ताईला मात्र पटलं नाही. पंढरपुरातही बरंच काही नंतर बांधलेलं आहे, म्हणून काय आपण जायचं थांबलो का, असं तिचं म्हणणं. तिथून पुढे चाल्डनच्या चर्चमध्ये साधारण १२०० चं भित्तिचित्र आहे, त्यात पैसे व्याजानं देणारा सावकार ज्वाळांमध्ये बसलेला आहे, असं मी सांगितल्यावर तिनं लगेच विचारलं, "तिथं जायला गाडी कुठून?"

"चालत जायचं म्हणत होतीस ना?"

"सावकाराला बघायला गाडीनं गेलं तरी चालतं."