मर्लच्या नावाने

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, विल्क्सबरो या लहानशा गावी एप्रिलच्या अखेरीस चार दिवस भरणारा 'मर्लफेस्ट' मला इतर संगीत महोत्सवांहून जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण गाण्यांइतकेच त्याच्या उगमातही आहे. तान्हेपणीच दृष्टी गमावलेले थोर गिटारवादक डॉक वॉटसन यांचा मुलगा मर्ल हा त्यांचा सहवादकही होता. १९८५ साली ट्रॅक्टरच्या अपघातात तो गेला. त्याच्या स्मरणार्थ गावच्या विल्क्स कम्युनिटी कॉलेजमध्ये बाग उभारण्यासाठी निधी हवा होता, म्हणून १९८८ साली डॉक आणि त्यांच्या मित्रांनी कॉलेजच्या आवारात गाण्याचा कार्यक्रम केला. ही बाग दृष्टिहीनांनाही स्पर्शाने आणि गंधाने अनुभवता यावी अशी योजलेली आहे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

बाग झाली, तरी महोत्सव थांबला नाही. त्याचे उत्पन्न आजही त्या कॉलेजच्या उपयोगी पडते. येथे काय वाजवावे, याला डॉक यांनी 'ट्रॅडिशनल प्लस' असे नाव दिले होते, म्हणजे ॲपलाचियन डोंगराळ भागातील पारंपरिक संगीत आणि त्यासोबत कलाकाराला मनापासून वाजवावेसे वाटेल ते सारे. त्यामुळे ब्लूग्रास या तंतुवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीतशैलीतील बॅन्जो-फिडलशेजारी ब्लूज आणि रॉकही ऐकू येतात. (आपल्याकडच्या शुद्धतावाद्यांना हे कितपत रुचेल, कोण जाणे.) डॉक २०१२ साली निवर्तले, मुख्य रंगमंच मात्र अजूनही वॉटसन याच नावाने ओळखला जातो.