वेठ, बिगार आणि बिगारी

मागच्या भिंतीला ओल आली म्हणून मुकादमाला बोलावलं. भिंतीवर दोन ठिकाणी टकटक करून त्याने निकाल दिला, "प्लास्टर सगळं पाडायला लागंल. एक गवंडी, दोन बिगारी." गवंडी कारागीर. बिगारी म्हणजे बाकी सगळं: रेती चाळायची, माल कालवायचा, चुंबळीवर घमेलं घेऊन जिना चढायचा आणि वरून "माल!" अशी हाक यायच्या आत थापीपाशी माल पोचवायचा. संध्याकाळी मजुरी घेऊन घरी.

खरं तर मजुरी घेतो त्याला बिगारी म्हणायलाच नको. बिगार फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थच मुळी जबरीने, फुकट करून घेतलेलं काम. तरी महापालिकेच्या आस्थापनेवर 'बिगारी' हे रीतसर पद असतं, वेतनश्रेणीसकट. फुकटच्या कामाच्या नावाने पगारपत्रक निघतं!

वेठबिगार हा जोडशब्द बाजारहाट, कागदपत्र यांच्या जातीचा. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक फारसीकडचा, एक आपल्याकडचा. यातली 'वेठ' आली संस्कृत 'विष्टि'वरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आहे. आणि गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढच्या खडकावर, क्षत्रप रुद्रदामनाच्या शिलालेखातही आहे. इ.स. 150च्या सुमाराचा लेख. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध राजाने पुन्हा बांधून काढला, तोही प्रजेवर कर, विष्टि वगैरेंचा जाच न करता, स्वतःच्या खजिन्यातून, असं त्यात कौतुकाने कोरलंय. वेठीला माणसं धरली नाहीत ही गोष्ट दगडावर कोरण्याजोगी वाटली, यावरून एरवी काय चालत असेल ते कळतंच.

पुढे राज्यं बदलली, वेठ राहिली. साहेबाचा मुक्काम पडला की गावाने गाड्या, गवत, लाकूडफाटा आणि ओझ्याला माणसं पुरवायची. सगळ्यात जास्त भरडला गेला तो महारवाडा. तुकडाभर वतनी जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री कुणीही हाक मारावी आणि उठून जावं. 1928मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, पण ते मंजूर झालं नाही. राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदाने वेठबिगारीवर बंदी घातली. या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरात 'बेगार' हा शब्द तसाच ठेवलाय. 1976मध्ये वेठबिगारी मोडणारा स्वतंत्र कायदा आला. 1982मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढची गोष्ट सांगितली: किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच. हे कळल्यापासून मुकादमाशी मजुरीची घासाघीस करताना माझी जीभ जरा अडखळते.

आमच्या घरात वेठ भेटायची ती अभ्यासाच्या वेळी. शुद्धलेखनाची वही बघून आजी म्हणायची, "नुसती वेठ मारलीयस." वेठ मारणे म्हणजे काम कसंबसं उरकणं. आता, फुकटच्या कामात जीव कोण ओतणार? पण तो कामचुकारपणा तेवढा भाषेने लक्षात ठेवला.

खरी कमाल मात्र वर्तमानपत्रांची. कुठलाही संप होऊ दे, मथळा तयारच असतो: 'प्रवासी वेठीस', 'रुग्ण वेठीस', 'विद्यार्थी वेठीस'. म्हणजे काम करायला नाही म्हणणारा, तोच वेठीला धरणारा! स्टँडवर चार तास ताटकळलेल्या माणसाचे हाल खोटे नाहीत, त्याचा संतापही समजतो. पण त्यासाठी शब्दांचा काय दुष्काळ आहे? खोळंबा म्हणा, अडवणूक म्हणा, कोंडी म्हणा, अगदी तोंडाला येतील त्या शिव्या द्या. संपावर बसलेला तो माणूस बहुतेक वेळा पगारच मागत असतो. फुकटचं ओझं काही कुणाच्या डोक्यावर देत नसतो.