48 तास आणि एक सोऱ्या

मी न्यू जर्सीत एका वकिलांकडे पॅरालीगल आहे. लस दंडावर जरा जास्तच वर टोचली गेली आणि खांदा धरला, अशाच केसेस आमच्याकडे जास्त. 'सिर्वा' म्हणतात त्याला. 2017 पासून हे दुखणं लशीच्या नुकसानभरपाईच्या सरकारी तक्त्यात आहे. लशीनंतर 48 तासांच्या आत सुरू झालं, सहा महिन्यांहून जास्त टिकलं आणि बाकीच्या एक-दोन अटी जुळल्या, तर लशीमुळेच झालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

त्या दिवशी समोर एक मराठी काकू होत्या. 2022 च्या दिवाळीआधी औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतलेली, डाव्या हातावर. त्यांचा पहिला प्रश्न, "टोचणाऱ्या त्या पोरीची नोकरी नाही ना जाणार?" म्हटलं, नाही काकू. दावा तिच्यावर नसतो, कंपनीवरही नसतो. वॉशिंग्टनच्या कोर्टात आरोग्य खात्याच्या सेक्रेटरींवर असतो. पैसे निधीतून येतात, फ्लूच्या प्रत्येक डोसवर 75 सेंट कर असतो त्यातून. तेव्हा कुठे त्यांनी पर्स खाली ठेवली.

घोडं अडलं ते कागदांत. काकू डॉक्टरकडे गेल्या थेट जानेवारीत, आणि नोंद होती, 'खांदा दोन आठवड्यांपासून दुखतोय'. त्या म्हणाल्या होत्या, दोन आठवड्यांपासून *जास्त* दुखतोय. तेवढा एक शब्द गळाला होता. सरकारी वकील नेमकं तेच धरणार.

"काकू, लस घेतल्यावर कुणाला काही लिहिलं होतंत?"

"लिहिते कुठली? मी बोलते."

पुण्याच्या बहिणीला पाठवलेला निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर सापडला. लशीच्या दुसऱ्याच दिवशीचा. "अगं, हात असा भरून आलाय, चकलीचा सोऱ्या दाबवत नाही."

मी उडालेच. मग इंग्रजी करायला बसले. 'भरून आलाय'चं शब्दशः केलं तर हात सुजला असं वाटेल, आणि सूज तर कुठल्याच कागदात नाही. शेवटी जड आणि ठणकणारा असं लिहिलं. सोऱ्याला दोन ओळी लागल्या, शिवाय फोटो.

निरोप एकूण चार मिनिटांचा. खांदा दहा सेकंद, बाकी सगळ्या जाऊबाई.

"तेवढं गाळ गं," काकू हळूच म्हणाल्या.

"गाळता येत नाही काकू. द्यायचं तर अख्खं द्यावं लागतं."

"म्हणजे सरकारी वकील वाचणार?"

"हो."

काकूंनी जरा विचार केला. "मग नीट कर भाषांतर. मी खोटं काही बोललेली नाहीये त्यात."