पैलवानाचा पहिला हिवाळा

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी त्याला घरी आणलं. जायंट बेट्टा मासा, नर, गडद निळा, आखूड शेपटीचा. आपल्याकडे दुकानात सगळे याला नुसतं ‘फायटर’ म्हणतात. साधा फायटर अडीच-तीन इंचांचा, हा पट्टीने मोजला तर साडेचार भरला. थाई लोक त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावणारा मासा, आणि 2019 साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. आईने त्याचं भरलेलं अंग बघितलं आणि पैलवान म्हणून हाक मारली. तेच नाव राहिलं.

दुकानदार म्हणाला होता, “बाऊलमध्ये ठेवा, फायटरला काही लागत नाही, तो वरून हवा घेतो.” वरून हवा घेतो हे खरं आहे. कल्ल्यांच्या वर त्याला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेऊ शकतो. पण हवा वरची असली तरी अंग त्याच पाण्यात असतं. विष्ठा तिथेच, उरलेलं खाणं तिथेच, कल्ल्यांतून निघणारा अमोनियाही तिथेच. एवढ्या मोठ्या माशाचं खाणं जास्त, घाणही जास्त. तिसऱ्या दिवशी पैलवान पर मिटून तळाशी बसला, दाण्याकडे बघेना. बाऊलमध्ये फायटर विकणं बंद व्हायला हवं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

त्याच संध्याकाळी दीड फूट बाय एक फूट बाय एक फुटाची टाकी आणली. तीत साधारण 40 लिटर पाणी मावतं. सोबत स्पंज फिल्टर, 50 वॅटचा हीटर, थर्मामीटर, अँटिक्लोरीन आणि झाकण. झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो. पाणी काठापासून तीन बोटं खाली ठेवलं, म्हणजे झाकणाखाली उबदार हवा राहते आणि तीच तो घेतो.

टाकी बदलली म्हणून पाणी लगेच तयार होत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये वसायला महिना-दीड महिना लागतो. खरं तर हे मासा आणण्याआधी करायचं. माझ्याकडे मासा आधीच होता, त्यामुळे रोज सकाळी अमोनिया मोजायच्या टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचा, हिरवट दिसला की तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी क्लोरीन घालून येतं. म्हणून आदल्या रात्री बादली भरून अँटिक्लोरीन टाकून ठेवायचो आणि सकाळी गरम पाणी मिसळून टाकीइतकं कोमट करून घ्यायचो.

कॉलनीत देशी बदामाचं झाड आहे. त्याची गळलेली तपकिरी पानं धुऊन, वाळवून एक-दोन टाकीत सोडली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. त्यातल्या टॅनिनने पाणी किंचित आम्ल होतं आणि बेट्टाला ते मानवतं. पैलवान त्या पानाखालीच झोपायचा.

तिसऱ्या आठवड्यात चूक झाली. स्पंज काळा दिसला म्हणून मी तो थेट नळाखाली पिळून धुतला. क्लोरीनने तीन आठवड्यांत वसलेले जिवाणू मारले. दुसऱ्या दिवशी नळीतला रंग गडद हिरवा, आणि पैलवान पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलवत. त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने. हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या माशाचे आठ दिवस वाचले असते.

नोव्हेंबर संपता संपता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. आता दिवसातून दोनदा चार-चार दाणे, आणि सोमवारी काही नाही, म्हणजे पोट फुगत नाही. सोमवारी आई कपालेश्वराला जाते, तिचाही उपवास असतो. निघताना ती टाकीपाशी थांबून त्याला सांगून जाते.

मग जानेवारी आला. बेट्टाला 25 ते 28 अंश पाणी लागतं, आणि नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत आहे. एका रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. सहा वाजता थर्मामीटरवर 20, पैलवान आडवा पडलेला, डोळे तेवढे हलताहेत. माझे हात कापत होते. आईने गोधडी काढली, टाकीला तिन्ही बाजूंनी गुंडाळली. मी प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, झाकणं घट्ट लावून त्या टाकीत तरंगत सोडल्या, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना हवा मिळावी म्हणून मगाने पाणी वर उचलून ओतत राहिलो. एकदम गरम पाणी ओतलं असतं तर धक्क्याने गेला असता. तासाला एखादा अंश, इतक्या सावकाश पारा चढला. साडेदहाला वीज आली, तेव्हा 23 होतं.

दुपारी तो वर आला, हवा घेतली आणि पुन्हा पानाखाली गेला. खाणं मी दुसऱ्या दिवशी घातलं, दोनच दाणे. आई म्हणाली, “अरे, आजाऱ्याला पेज द्यावी तसं दे.”

या दिवाळीआधी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक जास्तीचा हीटर आणून ठेवलाय. गोधडी टाकीशेजारच्या कपाटातच असते.